खड्ड्यात पडलेले पिल्लू आणि त्याचा कळप: त्सावोतील एका प्रकरणाचा अभ्यास

प्रकरणाविषयी

हे प्रकरण केनियातील एका आफ्रिकी हत्तिणीचे आहे. १९९३ साली, अवघ्या काही आठवड्यांची असताना, ती त्सावो भागातील एका वापरात नसलेल्या शौचखड्ड्यात पडली आणि कळपापासून तुटली. पंधरा वर्षांनी, २००८ च्या अखेरीस, तिने जंगलात स्वतःच्या पिलाला जन्म दिला. या दोन घटनांच्या मध्ये माणसांनी कोणते निर्णय घेतले, कोणते घ्यायचे टाळले आणि कोणते हत्तींवर सोडले, हे पाहण्यासाठी ही मांडणी केली आहे. हत्तिणीचे नाव, तिची राखण करणाऱ्या माणसांची नावे आणि खड्ड्याची नेमकी जागा यांत दिलेली नाही.

पार्श्वभूमी

त्सावो हे नाव आपल्याकडे अनेकांनी ऐकलेले असते ते १८९८ मध्ये रेल्वेच्या पुलावरील मजुरांना मारणाऱ्या दोन सिंहांमुळे. त्या मजुरांत हिंदुस्थानातून नेलेली माणसे पुष्कळ होती. पुढे १९४८ मध्ये हा मुलूख राष्ट्रीय उद्यान झाला. आज पूर्व आणि पश्चिम त्सावो मिळून वीस हजार चौरस किलोमीटरहून मोठे क्षेत्र होते. तांबडी माती, काटेरी झुडपे, तुरळक पाणी आणि अफाट मोकळी जागा असा हा प्रदेश आहे. या मोकळ्या जागेचे महत्त्व पुढे येईल, कारण अनाथ हत्तीला सोडायचे तर मुळात सोडण्याजोगे जंगल असावे लागते.

१९७० आणि १९८० च्या दशकांत या जंगलाने दोन आघात सोसले. १९७०-७१ च्या दुष्काळात त्सावोत हजारो हत्ती मेले आणि त्यानंतर हस्तिदंतासाठी चोरट्या शिकारीची लाट आली. १९७३ मध्ये केनियात सुमारे १ लाख ६७ हजार हत्ती होते, तर १९८९ पर्यंत ही संख्या सुमारे १६ हजारांवर आली. त्या वर्षी केनियाच्या राष्ट्राध्यक्षांनी नैरोबीत १२ टन हस्तिदंत जाहीरपणे जाळले आणि त्याच वर्षी आफ्रिकी हत्तीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी ठरली. शिकार कमी झाली, तरी प्रौढ माद्या मोठ्या प्रमाणावर गमावलेले, विस्कटलेले कळप मागे राहिले होते. हत्तींत कळप चालतो तो वडीलधाऱ्या हत्तिणीच्या आठवणीवर: कोणत्या महिन्यात कुठे पाणी असते, कोणती वाट टाळायची, हे तिला ठाऊक असते. ती गेली की उरलेल्या तरुण माद्यांना हे सगळे नव्याने शिकावे लागते.

पूर्व त्सावोचे पहिले मुख्य वनाधिकारी डेव्हिड शेल्ड्रिक आणि त्यांच्या पत्नी डॅफ्नी यांनी त्याआधीपासूनच अनाथ प्राणी सांभाळायला सुरुवात केली होती. दोनेक वर्षांपुढची, चारा खाऊ शकणारी हत्तीची पिल्ले त्यांच्याकडे जगत होती. निव्वळ दुधावरची पिल्ले मात्र वाचत नव्हती. हत्तीण बावीस महिने गर्भ वाहते आणि जन्मानंतर पहिली दोन वर्षे पिलाचे जगणे जवळजवळ पूर्णपणे आईच्या दुधावर अवलंबून असते. गाईच्या दुधातली चरबी त्याला मानवत नाही. हगवण लागते आणि काही दिवसांत सारे संपते. वर्षानुवर्षांच्या प्रयोगांनंतर माणसाच्या बाळाच्या दूधपावडरीत खोबरेल तेल घातलेले मिश्रण पिलांच्या पोटात टिकू लागले.

हा शोध ज्या पिलावर लागला त्याची गोष्ट या प्रकरणाआधीचे प्रकरण म्हणून सांगितलीच पाहिजे. १९७४ मध्ये आयशा नावाचे तान्हे पिल्लू या दुधावर सहा महिने नीट वाढले. मग मुलीच्या लग्नासाठी डॅफ्नी शेल्ड्रिक यांना दोन आठवडे बाहेरगावी जावे लागले. आयशाने दूध सोडले आणि ती मेली. दूध तेच होते, मात्र जिला ती आई मानत होती ती बाई समोर नव्हती. म्हणजे पोटाचा प्रश्न सुटला होता आणि त्याच उपायातून दुसरा, अधिक अवघड प्रश्न उभा राहिला होता.

१९७७ मध्ये डेव्हिड शेल्ड्रिक वारले. त्यांच्या नावाने त्याच वर्षी न्यास स्थापन झाला आणि नैरोबी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला अनाथ पिलांचे संगोपन केंद्र चालू झाले. दुधावरचे अगदी लहान पिल्लू जगवण्यात तिथे पहिले यश आले ते १९८७ मध्ये. याचा अर्थ आपल्या प्रकरणातील पिल्लू १९९३ मध्ये आले तेव्हा ही पद्धत जेमतेम सहा वर्षांची होती आणि तिचा शेवटचा भाग, म्हणजे जंगलात परत जाणे, दुधावर वाढवलेल्या पिलांच्या बाबतीत अजून सिद्ध व्हायचा होता.

समस्या

खड्ड्यातून वर काढलेले पिल्लू काही आठवड्यांचे होते. या वयात सोंड हा त्याच्या मालकीचा, पण ताब्यात नसलेला अवयव असतो. तिच्याने पाणी ओढता येत नाही, चारा उचलता येत नाही. काही महिने ती नुसती इकडेतिकडे हलत राहते. कातडी उन्हाने भाजते, कारण एरवी पिल्लू आईच्या पोटाखालच्या सावलीत चालते. थंडी-पावसात न्यूमोनिया होतो. दाढा फुटू लागल्या की ताप आणि हगवण येते. यांतले काहीही दोन-तीन दिवसांत पिलाला संपवू शकते.

आई जिवंत असण्याची शक्यता होती. निदान तिला शिकाऱ्याने मारल्याचे कारण नव्हते. पण कळप तिथे थांबलेला नव्हता. माणसांची वर्दळ असलेल्या ठिकाणी हत्तीण खड्ड्यातल्या पिलाभोवती किती वेळ घुटमळते, हे बव्हंशी पाण्याच्या अंतरावर आणि माणसांच्या भीतीवर ठरते, आणि नुकत्याच संपलेल्या शिकारीच्या दोन दशकांनी त्सावोच्या हत्तींना माणसाची धास्ती पुरती शिकवलेली होती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय पिलाला तिथेच जंगलात सोडून आईची वाट पाहण्याचा. कळप जवळ असेल तर हाच सर्वांत चांगला आणि सर्वांत स्वस्त उपाय आहे. आसामात आणि तमिळनाडूत वनखात्याचे लोक पिलाच्या अंगाला कळपाची लीद चोळून माणसाचा वास झाकतात आणि त्याला कळपाच्या वाटेवर नेऊन सोडतात. जुन्नरच्या उसात तोडणीच्या वेळी सापडलेली बिबट्याची पिल्ले रात्री त्याच जागी ठेवून आईला नेऊ देण्याची महाराष्ट्रातील रीतही याच विचाराची आहे. फरक इतकाच की मादी बिबट्या त्याच शिवारात फिरत असते, तर हत्तींचा कळप एका रात्रीत कित्येक किलोमीटर दूर जातो. दुधाविना तान्हे पिल्लू फार दिवस तग धरत नाही, आणि वाट पाहताना सिंह व तरस यांनाही हिशेबात धरावे लागते.

दुसरा पर्याय जवळच्या कुठल्याही कळपात पिल्लू सोडण्याचा. ऐकायला हा सोपा वाटतो. परक्या कळपातील माद्या पिलाला हाकलतीलच असे नाही, उलट त्याला हुंगतात, गोंजारतातही. पण ज्या हत्तिणीला स्वतःचे पिल्लू आहे ती आपले दूध सहसा दुसऱ्याला पिऊ देत नाही, कारण तिच्याकडे दोघांपुरते नसते. चारा खाणाऱ्या पिलासाठी हा पर्याय चांगला असला, तरी तान्ह्यासाठी तो गैरलागू होता.

तिसरा पर्याय कायमच्या बंदिवासाचा होता आणि चौथा हाताने वाढवून पुन्हा जंगलात पाठवण्याचा. चौथ्यात खर्च, वेळ आणि अनिश्चितता सर्वाधिक होती. तो निवडला गेला, तेव्हा पुढच्या दहा-पंधरा वर्षांची जबाबदारी पत्करली जात होती. माझ्या मते हाच या प्रकरणातला खरा पहिला निर्णय आहे, कारण पिल्लू उचलणाऱ्याला त्या क्षणी फक्त त्याचा जीव दिसत असतो, पुढची वर्षे दिसत नसतात.

पहिला निर्णय: आई कोणी व्हायचे

आयशाच्या मृत्यूतून केंद्राने घेतलेला धडा असा होता की पिलाला आई एक नको, अनेक हव्यात. पिलांसोबत चोवीस तास राखणदार असतात, पण कोणत्या रात्री कोणत्या पिलापाशी कोण झोपणार हे बदलत राहते, म्हणजे एक जण रजेवर गेला तर पिल्लू अन्न टाकत नाही. या माणसांना आपल्या सवयीने माहूत म्हणणे चुकीचे ठरेल. ते हत्तीवर बसत नाहीत, साखळी लावत नाहीत, अंकुश वापरत नाहीत, कोणतेही काम शिकवत नाहीत. कळपात आईबरोबर मावश्या आणि मोठ्या बहिणी जे करतात, तेवढेच ते करतात.

दूध पाजण्याची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. तान्हे पिल्लू नुसती बाटली तोंडात दिली की पीत नाही. दूध पिताना त्याच्या सोंडेला आणि कपाळाला आईचे अंग लागावे लागते. म्हणून दोन झाडांमध्ये घोंगडी टांगतात, राखणदार तिच्या मागे उभा राहतो आणि बाटली खालून पुढे करतो. पिल्लू सोंड घोंगडीवर टेकवते, कपाळ तिच्यात खुपसते आणि मग दूध ओढू लागते. काही पिल्ले घोंगडी नाकारतात आणि राखणदाराच्या काखेत सोंड घालून पितात. दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा, हे चालते. रात्री खोलीत राखणदार वरच्या फळीवर झोपतो आणि बरेचदा पिलाची सोंड वर येऊन तो आहे ना याची खात्री करून जाते.

आपल्या प्रकरणातील पिल्लू या दिनक्रमात वाढले. सकाळी झुडपांत भटकणे, दुपारी चिखलात लोळणे, मध्येच दूध, संध्याकाळी खोली. यात माणसाचा सहवास प्रचंड आहे. जंगलात परतणाऱ्या प्राण्याला माणसाची इतकी सवय लावावी का, हा आक्षेप रास्त आहे. त्याकडे शेवटी येतो.

दुसरा निर्णय: त्सावोत केव्हा न्यायचे

संगोपन केंद्रात पिलाचा जीव वाचतो, पण हत्ती म्हणून जगणे त्याला तिथे शिकता येत नाही. या पद्धतीत पिल्लू साधारण दोन-तीन वर्षांचे झाले, दुधाबरोबर चारा खाऊ लागले, की त्याला त्सावोतील केंद्रात हलवतात. लवकर हलवले तर दूध आणि औषधपाणी यांची आबाळ होते. उशीर केला तर आधीच तिथे असलेल्या मोठ्या अनाथ हत्तींशी त्याचे नाते जुळायला वेळ लागतो. आपल्या हत्तिणीला पूर्व त्सावोत व्होईजवळच्या केंद्रात नेले. तिथे दिवसा राखणदारांबरोबर जंगलात चरणे आणि रात्री विजेच्या कुंपणाच्या वाड्यात परतणे असा क्रम होता.

तिथली महत्त्वाची शिक्षिका माणूस नव्हती. डेव्हिड शेल्ड्रिक यांच्या काळात वाढलेली एलिनॉर नावाची प्रौढ हत्तीण अनेक वर्षे तिथल्या अनाथ पिलांची म्होरकी होती. ती जंगली हत्तींबरोबर निघून गेल्यावर काही काळाने हे स्थान आपल्या प्रकरणातील हत्तिणीकडे आले. म्हणजे जी स्वतः अजून लहान होती, तिच्यामागे इतर पिल्ले चालू लागली. कळपाची गरज किती खोल असते, हे यातून दिसते: खरी आजी नसेल तर हत्ती त्यातल्या त्यात मोठ्या मुलीला आजी करतात.

तिसरा निर्णय: फाटक उघडे ठेवणे

पुनर्वसनाच्या इतर अनेक कार्यक्रमांत सोडण्याचा एक दिवस असतो. गाडी येते, पिंजरा उघडतो, छायाचित्रे निघतात. इथे असा दिवस ठरवायचा नाही, असे ठरले. हत्तीण संध्याकाळी परतली तर तिला आत घ्यायचे, नाही परतली तर शोधायला जायचे नाही. आठवड्याने आली तरी पाणी द्यायचे आणि जखम असेल तर उपचार करायचे. वाड्याबाहेर रात्र काढणे, मग जंगली कळपाबरोबर दोन दिवस जाणे, मग परत येणे असे अनेक वर्षे चालते. बहुतेक हत्ती पाच ते दहा वर्षांत पूर्ण स्वतंत्र होतात.

या निर्णयाचा त्रासही होतो. मोठ्या अनाथ माद्यांना लहान पिलांचा इतका लळा असतो की बाहेर राहू लागल्यावर त्या वाड्यातील एखादे दुधावरचे पिल्लू सोबत घेऊन जातात आणि ते सहज परतही देत नाहीत. त्यांच्या लेखी ही पळवापळवी नसते, मावशीपण असते. राखणदाराला मात्र रात्रीचे दूध चुकलेले पिल्लू झुडपांत शोधून, मोठ्या हत्तिणींच्या मधून, समजूत घालत परत आणावे लागते. म्हणून फाटक सगळ्यांना सारखेच उघडे ठेवता येत नाही. दुधावर असलेल्यांना राखावे लागते आणि तेच तर मोठ्यांना हवे असतात. या पेचावर पक्का तोडगा नाही. नंतर न्यासाने त्सावोच्या उत्तर भागात इथुंबा येथे २००४ मध्ये आणि किब्वेझीच्या जंगलात २०१४ मध्ये अशी आणखी केंद्रे उघडली. कोणत्या पिलाला कुठल्या गटात पाठवायचे, हा निर्णय त्यामुळे आता अधिक सोयीने घेता येतो.

परिणाम

म्होरकी झालेली ही हत्तीण हळूहळू आपल्या गटासह जंगलात राहू लागली, जंगली नरांशी तिचा संबंध आला आणि २००८ च्या डिसेंबरात तिला मादी पिल्लू झाले. त्या नवजात पिलाला घेऊन ती राखणदारांपर्यंत आली. दुधावर वाढवलेल्या अनाथ मादीने जंगलात गर्भ धरला, पिलाला जन्म दिला आणि ते आपल्या अंगावर पाजून वाढवले, याला पुनर्वसनाची कसोटी मानले तर हे प्रकरण त्या कसोटीला उतरले. नवजात पिलाभोवती तिच्या गटातील इतर अनाथ माद्या मावश्यांसारख्या उभ्या राहिल्या. १९९३ मध्ये खड्ड्याच्या काठावर जे हरवले होते ते, वेगळ्या हत्तींनी बनलेले का होईना, पुन्हा उभे झाले होते.

पिलाला घेऊन ती माणसांकडे आली, ही गोष्ट सांगताना लोकांचा गळा दाटून येतो. यात एक धोक्याची खूणही आहे, आणि ती नजरेआड करून हे प्रकरण पुरे होत नाही.

वेगळे काय करता आले असते

माणसावर विश्वास ठेवणारी हत्तीण त्सावोत खपून जाते, कारण तिथे दहा दिशांना जंगल आहे. हीच पद्धत जशीच्या तशी आसामात किंवा आपल्या शेजारच्या छत्तीसगड-गडचिरोली पट्ट्यात आणली, तर विश्वासू हत्ती पहिल्याच हंगामात कोणाच्या तरी धानाच्या बांधीत उभा राहील आणि त्याला तिथे राखणदार भेटणार नाहीत, फटाके आणि मशाली भेटतील. २०२१ पासून गडचिरोलीत आलेल्या हत्तींच्या कळपाने काय परिस्थिती होते, ते तिथल्या शेतकऱ्यांना आणि वनरक्षकांना सांगावे लागत नाही.

श्रीलंकेत १९९५ मध्ये उदावलवे येथे सरकारी वन्यजीव खात्याने सुरू केलेले केंद्र याच कारणाने उलट टोकाला गेले. तिथे पिलांना तीन-तीन तासांनी दूध मिळते, पण त्यांच्यासोबत कोणी झोपत नाही, नावाने लाड करत नाही. पिल्ले एकमेकांतच वाढतात आणि साधारण पाच वर्षांची झाली की गटाने लगतच्या राष्ट्रीय उद्यानात सोडली जातात. १९९८ पासून शंभराहून अधिक हत्ती असे सोडले गेले आहेत. म्हणजे माणसाची माया अत्यावश्यकच आहे असे नाही; सोबतीला पुरेशी पिल्ले असतील तर तीच एकमेकांची आई होतात. नैरोबीत १९९३ मध्ये पिल्ले मोजकी होती आणि आयशाची आठवण ताजी होती, त्यामुळे माणसांनी कळपाची जागा घेणे तेव्हा योग्यच होते, असे माझे मत आहे. आज तिथे एका वेळी पुष्कळ पिल्ले असतात. तेव्हा अगदी तान्ह्या, आजारी पिलांपुरता माणसाचा सहवास ठेवून बाकीच्यांचा लवकर कमी करता येईल का, हे तपासायला हरकत नाही.

दुसरा मुद्दा कळपाच्या शोधाचा. आई मेलेली नसताना पिल्लू अनाथ होते, तेव्हा पहिल्या चोवीस तासांना फार किंमत असते. १९९३ मध्ये कळप शोधण्याची साधने तोकडी होती. आज ड्रोनने कळप कुठे आहे ते तासाभरात कळू शकते, आणि तमिळनाडूत अशा रीतीने पिल्लू आईपर्यंत पोचवले गेले आहे. तशी सोय असती तर ही सारी पंधरा वर्षे कदाचित लागलीच नसती.

तिसरा मुद्दा इतका साधा आहे की अहवालात तो सहसा लिहिला जात नाही. खड्डा वापरात नव्हता आणि उघडा होता. आपल्याकडे जुन्नर-नाशिक भागात कठडा नसलेल्या विहिरीत बिबट्या पडतो, मग गाव जमते, खाट दोरांनी खाली सोडली जाते, वनखात्याची गाडी येते, आणि दुसऱ्या दिवशी विहीर तशीच उघडी राहते. त्सावोतल्या त्या खड्ड्यावर पिल्लू पडण्याआधी लाकडाच्या चार फळ्या टाकायला अर्धा दिवस लागला असता.